रोलंड जेडिनचा क्रमांक

विस्कॉन्सिनमध्ये फॉक्स नदीच्या पूर्वकाठावर, डी पेअरमध्ये, जिनेट डेल्फॉस यांचा बार आहे. बाटल्यांच्या फळीच्या वर, भिंतीवर, पंचेचाळीस पोस्टकार्डे ओळीने टाचलेली आहेत. प्रत्येकावर नाव एकच: रोलंड जेडिन. पत्ता बारचा. खाली एक आकडा. १९८० च्या कार्डावर तो १७,४१८ आहे. २०२४ च्या कार्डावर ११२.

जिल्ह्याच्या इतिहास संग्रहालयासाठी मी तेव्हा एक प्रश्न घेऊन हिंडत होते: अमेरिकन फुटबॉलची ही लोकप्रियता टिकेल का? प्रश्न समितीचा होता आणि मला तो फारसा रुचला नव्हता, कारण भविष्याचे दस्तऐवज नसतात. परंतु एकाच माणसाविषयीची, एकाही वर्षाचा खंड न पडलेली पंचेचाळीस वर्षांची मालिका समोर दिसल्यावर कोणत्याही संशोधकाचे मन विरघळते. आमच्या भागातल्या व्यावसायिक संघाच्या मैदानावर हंगामभराची खुर्ची हवी असेल तर यादीत नाव लावावे लागते. कुणी गेले किंवा कुणी खुर्ची सोडली तरच यादी सरकते, आणि सोडत कुणी नाही. आपण कितव्या क्रमांकावर आलो हे संघ दरवर्षी कार्डाने कळवतो. म्हणून आमच्याकडे मूल जन्मले की बाप आधी आपल्या आईला फोन करतो की आधी यादीसाठी कार्ड टाकतो, यावरून त्या बापाची पारख होते.

"हा रोलंड जेडिन कोण?" मी जिनेट यांना विचारले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "मिलवॉकीला असतो तो."

"मिलवॉकी कुठलं? ड्युलुथला गेला की मागच्या वर्षी. बोटीवर लागलाय."

"अजून लग्न नाही केलंन मेल्याने. पंचेचाळीस झाली!"

"कोण देणार त्याला पोरगी? कधी दिसला तर देतील ना!"

सगळे हसले. हसला नाही तो एक म्हातारा. डोक्यावर कागद गिरणीची जुनी टोपी, पुढ्यात अर्धा राहिलेला ब्रँडीचा ग्लास. जिनेट यांनी फडके खांद्यावर टाकले आणि त्याच्याकडे हनुवटीने खूण केली. "बापालाच विचार. तो काय बसलाय."

एमील जेडिन यांच्याशी माझी ओळख अशी झाली. मी त्यांना रोलंडचे जन्मवर्ष विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तो जन्मलाच नाही, पोरी. लिही तसं. तुझ्या वहीत तेवढं तरी खरं असू दे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावले. घरी म्हणजे घरात नव्हे, गाडीच्या शेडमध्ये. तिथे त्यांचे बूयाचे, म्हणजे दाट रश्श्याचे, पातेले असते, एवढे मोठे की त्यात एक लहान वासरू उभे राहील. कोंबडी, बैलाची शेपटी, कोबी, बटाटे पहाटेपासून शिजवत ठेवून दुपारी वाढायचे, ही आमच्या बेल्जियन वस्तीची रीत. गेली अठ्ठेचाळीस वर्षे सामन्याच्या दिवशी एमील हे पातेले मैदानाबाहेरच्या गाड्यांच्या पटांगणात मांडतात, वल्ह्याएवढ्या लाकडी पळीने ढवळतात, आणि येईल त्याला वाढतात. खेळ सुरू झाला की लोक आत जातात आणि एमील बाहेर रेडिओ लावून पातेले घासतात. आत ते एकदाही गेलेले नाहीत. यावर माझा विश्वास बसला नाही. मी तीन स्वतंत्र माणसांकडून खात्री करून घेतली.

"कुणी तिकीट दिलं नाही का कधी?"

"दरवर्षी देतात. डझनाने देतात. मी नाही जात." ते पातेल्याला तेल चोळत होते. "दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं, आणि शेजारच्याने विचारलं की ही जागा कुणाची, तर काय सांगू? तिकीट देणाऱ्या डुफ्रेन डॉक्टरची? आपली खुर्ची येईल तेव्हा जाईन."

त्यांची आपली खुर्ची म्हणजे रोलंडची खुर्ची. ती हकीकत त्यांनी मला सलग सांगितली नाही. तीन भेटींत मिळून जी जुळली ती अशी. एमील आणि व्हिव्हियन यांच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती. दोनदा पोटातले मूल गेले होते. १९७९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर व्हिव्हियन तिसऱ्यांदा दिवसांत होत्या. त्या ऑक्टोबरात गिरणीत अफवा उठली, की यादी महिनाअखेरीस कायमची बंद होणार. एकतीस तारखेला, कामाची पाळी संपल्यावर, एमील यांनी गिरणीच्याच कागदाचे एक कार्ड घेतले आणि अजून न जन्मलेल्या मुलाचे नाव लिहून पेटीत टाकले. मुलाचे, म्हणजे मुलग्याचे. घरी मात्र ते व्हिव्हियनना अकरा वर्षे सांगत आले होते, की मला मुलगीच हवी. आणि जन्माआधी मूल नावाने पुकारले तर ते राहत नाही, अशी व्हिव्हियन यांची भीती होती. म्हणून कार्डावर पत्ता घरचा नाही, बारचा.

अफवा खोटी निघाली. यादी आजही उघडी आहे. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला मुलगी झाली. तिचे नाव कोलेट.

मी त्यांना साहजिक प्रश्न विचारला: स्वतःचेच नाव का लावले नाही?

"कारण हिशेब सरळ होता. माझं नाव लावलं असतं तर नंबर येईपर्यंत मी मातीत." ते थांबले. "आणि बघ. अठ्ठ्याहत्तर झाली, अजून इथे पातेलं घासतोय."

"मग नाव नंतर बदलायचं होतं."

"बदललं की रांगेच्या शेवटी टाकतात, असं ऐकलं होतं."

"कुणाकडून?"

"ज्याने यादी बंद होणार म्हणून सांगितलं, त्याच्याचकडून," असे म्हणून ते स्वतःच हसले.

माझ्या मूळ प्रश्नाकडे ते फार सावधपणे पाहत. बारमध्ये हा विषय निघाला की जिनेट म्हणत, "खेळ जातोय कुठे? रविवारी इथे उभं राहायला जागा नसते!" एमील मान हलवत. "मी अडतीस वर्षं कागद गुंडाळला. आम्हाला साहेब सांगायचे, लोक लिहायचे थांबणार आहेत का? नाही थांबले लिहायचे. गिरणी बंद पडली. लोकांना आवडतं म्हणून काही टिकत नसतं, जिनेट. करणारी माणसं लागतात." करणारी माणसे कमी होत आहेत याचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या घरात होता, आणि त्या पुराव्याशी त्यांचे तीन वर्षे बोलणे नव्हते. म्हणजे बोलणे होते, फुटबॉलवर नव्हते. आमच्याकडे तेवढे वगळले तर सप्टेंबर ते जानेवारी बाप-लेकींना बोलायला हवामान उरते.

कोलेट गावच्या माध्यमिक शाळेत परिचारिका आहे. तिने एक वही ठेवली होती: डोक्याला मार लागून तिच्या खोलीत आणलेली मुले, तारीख, वय, आणि स्वतःचे नाव आठवायला लागलेला वेळ. शाळेच्या आठवीच्या संघात १९९४ साली एकसष्ट मुले होती आणि २०२२ साली एकोणीस, हा आकडाही तिच्याच वहीतला. त्या वर्षी तिने ती वही शाळेच्या मंडळापुढे ठेवली आणि लहान वर्गांत अंगावर धावून पाडायचा खेळ बंद करून कमरेला खोचलेले फडके ओढून अडवायचा खेळ सुरू करावा, अशी मागणी केली. सभेत विरोधात बोलायला उभे राहिलेल्यांत एमील होते. "मी तीन हंगाम खेळलो. मला काय झालं?" ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले. तेव्हा कोलेट म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही आत्ताच विचारलंत." सभागृह हसले. मी इतिवृत्त पाहिले आहे; त्यात कोलेटचे वाक्य नाही, नुसती "हशा" अशी नोंद आहे. मागणी मंजूर झाली. त्यानंतर सामन्याच्या रविवारी कोलेट माहेरी आली नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बारच्या पत्त्यावर कार्ड आले नाही, पाकीट आले. रोलंड जेडिन यांचा क्रमांक लागला आहे. त्यांनी एकतीस तारखेपर्यंत ओळखीच्या पुराव्यासह कार्यालयात यावे, न आल्यास जागा पुढच्या अर्जदारास दिली जाईल. जिनेट यांनी पाकीट उघडले नव्हते, परंतु उजेडाला धरून पाहिले होते. अर्ध्या तासात सगळ्या बारला ठाऊक झाले. रोलंड व्हायला तयार असलेले सहाजण निघाले. एकाने तर टोपी काढून केस दाखवले: "पंचेचाळीसचा शोभतो की नाही?"

एमील यांनी पाकीट खिशात घातले आणि मला शेडमध्ये नेले. "कागदवाले, तू सांग. कायद्याने हा रोलंड कोण?"

मी म्हटले, "ज्या मुलासाठी कार्ड टाकलं ते मूल. म्हणजे कोलेट. तिचा जन्मदाखला आणि तिची सही लागेल."

"हं." ते पळीच्या दांड्याकडे पाहत राहिले. "म्हणजे आधी तिला सांगावं लागेल, की बापाने तुझ्या जागी मुलगा मागितला होता."

सभेतल्या हशापेक्षाही त्यांना याचीच भीती अधिक होती, हे मला तेव्हा कळले. आठ दिवस त्यांनी काही केले नाही. एकतीस तारखेच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी व्हिव्हियन आणि कोलेट दोघींना जिनेटच्या बारमध्ये मासे खायला बोलावले. ईस्टरआधीच्या उपवासाचे शुक्रवार, त्यामुळे सगळा गाव तिथेच तळलेला मासा आणि राय धान्याचा पाव खात होता. मलाही त्यांनी टेबलाशी बसवले. बहुधा साक्षीदार म्हणून.

ताटे आली. एमील यांनी पाकीट टेबलावर ठेवले. "कोलेट, ही भिंत बघतेस ना?"

"लहानपणापासून बघतेय. रोलंड. मिलवॉकीचा तुमचा चुलतभाऊ."

"चुलतभाऊ नाही," एमील म्हणाले. "तू आहेस."

त्यांनी सगळे सांगितले. अफवा, कार्ड, बारचा पत्ता. मध्ये एकदाही थांबले नाहीत, थांबले असते तर पुढे जाता आले नसते. शेजारच्या टेबलांवर काटे-सुऱ्यांचा आवाज बंद झाला होता. सांगून झाल्यावर पहिल्या बोलल्या त्या व्हिव्हियन.

"मला मुलगीच हवी! अकरा वर्षं! देवळात मेणबत्त्या लावल्यास तू एमील, मुलीसाठी!"

"लावल्या होत्या ना."

"आणि कार्ड टाकलंस मुलाचं. मेणबत्ती देवाला, कार्ड संघाला. कुणावर जास्त विश्वास होता ते दिसलं!"

कोलेटने ताट बाजूला सारले. ती उठली, काउंटरच्या मागे गेली आणि पहिल्या कार्डापासून वाचू लागली. जिनेट बाजूला सरकल्या. पंचेचाळीस कार्डे वाचायला वेळ लागतो. तिचा मासा थंड झाला. परत येऊन ती बसली.

"पहिलं आलं तेव्हा मी एक वर्षाची होते."

"होतीस."

"तेव्हा बदलता आलं असतं."

"आलं असतं. रांग तुटेल म्हणून भ्यालो. आणि..." एमील यांनी रुमालाने तोंड पुसले. "खरं सांगू? तू जन्मलीस त्या दिवसापासून ते नाव मला आठवलंच नव्हतं. वर्षाने कार्ड आलं तेव्हा मी जिनेटला विचारलं, हा रोलंड कोण? विचार तिला."

"विचारलंन," जिनेट काउंटरवरून म्हणाल्या. "मी म्हटलं, चढली याला."

कोलेट हसली. आपण हसलो याचा तिला रागही आला असावा. "पप्पा, त्या सभेत मी जे बोलले ते..."

"बरोबर होतं. मी दोनदा विचारलं होतं."

"बरोबर होतं, पण चारचौघांत नको होतं."

"ते पण बरोबर," एमील म्हणाले. "मासा खा आता."

एकतीस तारीख सोमवारची होती. कोलेटने शाळेतून रजा घेतली, एमील यांनी लग्नाचा कोट घातला, आणि सर्व कार्डांच्या प्रती माझ्याजवळ होत्या म्हणून मला मागच्या सीटवर घेतले. तिकिटांच्या कार्यालयात काउंटरवर एक तरुण बाई होती. कोलेटने जन्मदाखला, स्वतःचे ओळखपत्र आणि वडिलांचे प्रतिज्ञापत्र पुढे केले. बाईने सगळे शांतपणे वाचले, आत जाऊन जुनी नोंद काढून आणली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"अर्ज पोचलाय दोन नोव्हेंबरला. यांचा जन्म नऊ नोव्हेंबरचा."

"हो," कोलेट म्हणाली.

"नाव चुकलं असतं तर दुरुस्त करता आलं असतं. मुलाऐवजी मुलगी झाली असती तरी चाललं असतं. पण अर्जाच्या दिवशी अर्जदार हवा. म्हणजे, असायला हवा."

"होती की!" एमील म्हणाले. "हिच्या आईला विचारा. रात्रंदिवस लाथा मारत होती."

बाईला हसू आवरले नाही. ती पुन्हा आत गेली, आणि या वेळी बराच वेळ आली नाही. एमील यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. काचेतून मैदानाकडे जाणारा बोगदा आणि त्याच्या टोकाशी हिरव्या रंगाचा एक तुकडा दिसत होता. ते तिकडे पाहत नव्हते. बाई परतली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळले.

"नाही होणार, सर. मला खरंच वाईट वाटतं." मग तिने आवाज खाली केला. "तुमच्या घरात रोलंड नावाचं दुसरं कुणी असेल... पुतण्या वगैरे... ज्याच्यासाठी तुम्ही तेव्हा कार्ड टाकलं असेल... तर आज पाचपर्यंत वेळ आहे."

बारमधले सहाजण मला आठवले. एमील यांनाही आठवले असणार. कोलेट त्यांच्याकडे पाहत होती. एमील यांनी पुढ्यातली जुनी नोंद उचलली, त्यांच्याच हातचे ते अक्षर बराच वेळ पाहिले, आणि परत ठेवले.

"रोलंड कुणी नाही, बाई. कधीच नव्हता. ही आहे." त्यांनी लेकीच्या दंडावर हात ठेवला. "पुढच्या माणसाला द्या जागा. तोही थांबला असेल बिचारा."

बाईने नोंदीवर शिक्का मारला. खरे तर ते काम एका क्षणाचे होते.

येथे मला माझ्या प्रश्नाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. लोकप्रियतेचा पुरावा म्हणून मी ज्या यादीकडे पाहत होते तिच्यात पंचेचाळीस वर्षे एक न जन्मलेला माणूस उभा होता, आणि असे आणखी किती असतील, मेलेले, गाव सोडून गेलेले, नुसतेच कल्पिलेले, हे कुणालाच ठाऊक नाही. यादी खेळाची आवड मोजत नाही. ती बापांचा हट्ट मोजते, आणि तो किती टिकतो हे सांगणारा दस्तऐवज माझ्यापाशी एकच आहे.

एमील टोपी घालून दाराकडे निघाले होते. कोलेट काउंटरपाशीच थांबली होती.

"नवीन नाव लावायचं असेल तर?" तिने विचारले.

बाईने एक अर्ज पुढे सरकवला. "आज लावलंत तर क्रमांक येईल..." तिने पडद्याकडे पाहिले, "एक लाख सत्तेचाळीस हजार नऊशे तीन."

मी तिथल्या तिथे भागाकार केला. रोलंडच्या कार्डांचा सरासरी वेग धरला तर तीनशे ब्याऐंशी वर्षे. तेवढ्या काळात हा खेळच काय, काउंटरही राहील याची मी हमी देणार नाही. मी आकडा मोठ्याने सांगितला. बाईने मान हलवली. कोलेटने पेन उचलले.

एमील परत आले. "अगं, काय करतेस? तुला तर हा खेळच..."

"नाही आवडत. उद्या शाळेत गेले की वही उघडणारच आहे मी. तुम्ही सभेला आलात तरी."

"मग हे कशाला?"

"पंचेचाळीस वर्षं माझ्याऐवजी तो उभा होता," ती लिहिता लिहिता म्हणाली. "आता मला उभं राहू द्या की थोडं."

एमील यांनी तिच्या खांद्यावरून वाकून अर्ज वाचला. आडनाव, नाव, जन्मतारीख. जन्मतारखेवर त्यांनी बोट ठेवून ती नीट तपासली. पत्त्याच्या ओळीत कोलेटने स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला, तेव्हा त्यांनी एकदा "हं" केले, परंतु हरकत घेतली नाही. तिने सही केली. बाईने अर्ज घेतला आणि पावती दिली.

"तीनशे ब्याऐंशी," एमील स्वतःशी म्हणाले. मग ते काउंटरवर दोन्ही कोपरे टेकून त्या बाईकडे वाकले, आणि त्यांच्या आवाजात मला कुठेही थट्टा ऐकू आली नाही.

"पण पहिलं कार्ड याच वर्षी येईल ना, बाई?"